राजूरला राहिलेले झाकण

आमच्या जालना जिल्ह्यात केवळ पाहण्यासाठी म्हणून कोणी येत नाही. येणारा बियाण्यांसाठी येतो, लोखंडी सळयांसाठी येतो, मोसंबीचा सौदा करायला किंवा राजूरच्या गणपतीला येतो आणि काम उरकले की परततो. दक्षिणेकडील मंठ्यापासून उत्तरेकडील धावड्यापर्यंत हा जिल्हा सलग पाहिलेली माणसे इथल्या रहिवाशांतही थोडीच निघतील. १९९८च्या जानेवारीपर्यंत मीही त्यांत नव्हते. त्या महिन्यात मी तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओलांडला. अंतर फार नव्हे. सराईत चालकाने जाणे-येणे दीड दिवसात उरकले असते. मला चार दिवस लागले, कारण चालक मी होते.

शहरातील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवण्यात माझी पंचवीस वर्षे गेली. वर्गात उभी राहिले की मला भीती वाटत नसे. वर्गाबाहेर मात्र बसमधील शेजाऱ्याला खिडकी लावून घ्या असे म्हणण्याचेही धाडस होत नसे. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी एका निवृत्त डॉक्टरांची जुनी पांढरी मोटार विकत घेऊन मी चालवायला शिकले. मोटारीबरोबर तिचे माहितीपुस्तक मिळाले होते. ते मी परीक्षेला बसायचे असावे तसे वाचून काढले आणि एक वही घातली.

मोटारीच्या अंगप्रत्यंगांपैकी माझा परिचय मुख्यतः एका भागाशी होता: इंजिनात तेल ओतण्याच्या तोंडावरचे झाकण. कोणाचीही मदत न घेता मला उघडता येई असा तेवढाच भाग होता. पत्र्याचे, बांगडीहून थोडे लहान, पाव वेढा फिरवला की निघणारे. मध्यभागी काडेपेटीतील काडी जेमतेम जाईल एवढे छिद्र, आतून तारेची बारीक जाळी आणि कडेला रबरी वायसर. जुन्या जालन्यातील एक वयस्क मेकॅनिक, ज्यांना सगळे उस्ताद म्हणत, त्यांनी मला त्याची निगा शिकवली होती. दर पंधरवड्याला ते रॉकेलमध्ये धुवायचे. आतल्या बाजूला लोण्यासारखा पांढरा थर दिसला तर तेलात पाणी गेले असे समजायचे. वायसर कडक झाला की वायसर बदलायचा; पत्रा शाबूत असेल तर झाकण बदलण्याचे कारण नाही. आणि ते छिद्र बुजू द्यायचे नाही. “इंजन भी सांस लेता, मॅडम,” उस्ताद म्हणाले होते, “इसकी नाक बंद मत करना.” हे वाक्य मी वहीत उतरवून घेतले होते. पुढे जे घडले ते पाहता, उतरवून घेणे आणि वेळेवर बोलून दाखवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे म्हणावे लागते.

मंठा, शुक्रवार

मंठ्याला माझी थोरली आत्या, गोदाआत्या, मुलाकडे राहत असे. वय सत्त्याहत्तर. चार वर्षांपूर्वी खुब्याचे हाड मोडल्यापासून तिला एसटीची पायरी चढता येत नव्हती आणि जीपची तर त्याहून उंच. तिची धाकटी बहीण, कुसुमआत्या, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला धावड्याला. या चार वर्षांत दोघींची भेट नव्हती. आता कुसुमआत्याचे शेत बटईने दिले गेले होते, घर बंद होणार होते आणि सोमवारी सकाळी ती मुलाबरोबर कायमची नागपूरला निघणार होती. म्हणजे भेट व्हायची तर रविवार मावळण्यापूर्वी, नाहीतर बहुधा नाहीच. नातेवाइकांत मोटारी चांगल्या-चांगल्या होत्या, पण त्यांच्या मालकांना सवड नव्हती. माझी मोटार बुटकी होती आणि मला संक्रांतीला जोडून रजा होती. माझी पात्रता एवढीच.

जालन्याहून मंठ्याकडे जाताना जमीन सपाट होत जाते आणि काळी होत जाते. वेचून झालेल्या कापसाच्या पऱ्हाट्या, त्यांत उरलेली एखाददुसरी पांढरी चिंधी, मध्ये तुरीचे पट्टे, आणि ज्वारी कंबरेच्या वर. मी ताशी तीसच्या वेगाने चालले होते. मागून येणारे ट्रक आधी हॉर्न वाजवीत, मग पुढे गेल्यावर चालक मान वळवून मी कोण आहे ते पाहून घेत.

गोदाआत्या ओसरीवर तयार होऊन बसली होती, वास्तविक निघायचे दुसऱ्या दिवशी होते. मोटारीकडे तिने बैल पारखावा तसे पाहिले. चाकांना काठी लावून पाहिली.

“कवा घेतली, सुमे?”

दीड वर्ष झाले, असे मी सांगितले.

“पूजा कुठं केली?”

केली नव्हती. घेतली तेव्हा सत्राच्या परीक्षा चालू होत्या. आत्याने सुनेकडे पाहिले आणि सुनेने माझ्याकडे.

जेवायला ज्वारीची भाकरी, ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी आणि मिरचीचा ठेचा होता. आम्ही जालन्याला राहून पोळीवर आलो. भाकरी आठवड्यातून एकदा, तीही हौस म्हणून. मंठ्यात पोळी अजून पाहुण्यांसाठी राखलेली होती. मला घरचे मानून भाकरी वाढली याचे बरे वाटले, पण ते मी बोलून दाखवले नाही. ठेचा मात्र मला सोसला नाही आणि ते बोलून दाखवण्याची गरज पडली नाही.

शनिवारी आत्याला घेऊन जालन्याला परतले. सलग तीन तासांहून अधिक बसणे तिला सोसत नसे, म्हणून रात्रीचा मुक्काम माझ्या घरी ठेवला होता. तिच्या मांडीवर एक बोचके होते. बहिणीसाठी संक्रांतीचे वाण, असे ती म्हणाली. ते तिने मागच्या सीटवर ठेवू दिले नाही.

राजूर, रविवार

जालन्याच्या उत्तरेला राजूर तासाभरावर आहे. गणपतीचे देऊळ टेकडीवजा उंचवट्यावर, आणि खाली हार, नारळ, पेढे, प्लास्टिकची खेळणी यांची दुकाने. पायऱ्या आत्याला शक्य नव्हत्या. तिने खालूनच हात जोडले आणि म्हणाली, आता गाडीची पूजा.

वाहन घेऊन आलेल्यांची पूजा खाली रस्त्यावरच एक हारवाला करून देत असे. साठीचा, कानाला मफलर गुंडाळलेला, बोलका गृहस्थ. त्याच्या हातात पितळी तबक होते. त्यात हळद, कुंकू, अक्षता, सुपारी, कापूर. त्याने बॉनेट उघडायला लावले, हार घातला, स्टिअरिंगला दोरा बांधला. सगळे पाच मिनिटांत आटोपले असते, पण आत्या काठी टेकत पुढे आली.

“ही तेल कुठून पिती?” तिने मला विचारले.

इथे आत्याच्या घरची एक रीत सांगावी लागेल. दसऱ्याला बैलगाडीची पूजा करताना त्यांच्याकडे जुवाला किंवा चाकाला नव्हे, तर कण्याला जिथे वंगण घालतात त्या जागेला पहिले कुंकू लागते. गाडी चालते ती तिथून, असा विचार. मला तो विचार इंजिनाच्या बाबतीतही बरोबर वाटला. शिवाय कोणी मला मोटारीविषयी काही विचारावे आणि मला त्याचे उत्तर येत असावे, असा प्रसंग विरळा. मी झाकण पाव वेढा फिरवले, काढले आणि तोंड उघडून दाखवले.

हारवाल्याने ते झाकण माझ्या हातून घेऊन तबकात ठेवले, त्यावर कुंकवाची पाच बोटे ओढली आणि मंत्र म्हणत अक्षता टाकायला सुरुवात केली. तांदळाचा एखादा दाणा इंजिनात गेला तर काय होईल, हे पुस्तकात दिलेले नव्हते. पण चांगले होणार नाही हे मला समजत होते. मी उघड्या तोंडावर तळहात ठेवला. अक्षता माझ्या मनगटावर पडत राहिल्या. एकही दाणा आत जाऊ दिला नाही, याचे मला समाधान वाटले. तेवढ्यात मागे एक भरलेली जीप येऊन थांबली आणि तिचा चालक हॉर्न वाजवू लागला. हारवाला तबक घेऊन जीपकडे वळला. मी रुमालाने तोंडाची कड पुसली, बॉनेट आपटले आणि रस्ता मोकळा करून दिला.

मी भोक सांभाळले. झाकण तबकातच राहिले.

भोकरदनच्या अलीकडे

राजूरच्या पुढे जमीन हलकी होते, मुरूम दिसू लागतो, बाभळी वाढतात. रस्ता त्या वेळी ठिकठिकाणी उखडलेला होता. सहा-सात किलोमीटर गेल्यावर आत्या म्हणाली, “भजे तळल्यावानी वास येऊन राह्यला.”

एखाद्या शेतात काही शिजत असेल, असे मी म्हणाले. वास मलाही येत होता. परंतु माझ्या नाकावर माझा इतका विश्वास नव्हता की चालती मोटार थांबवावी. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याने हात वर करून हलवला. मला वाटले, ओळखीचा कोणी माजी विद्यार्थी असेल, म्हणून मीही हात हलवला. त्यानंतर बॉनेटच्या फटीतून निळसर धूर निघू लागला आणि काचेवर बारीक थेंब उडाले. तेव्हा मात्र मी थांबले.

बॉनेट उघडल्यावर जे दिसले ते माझ्या वहीत बसणारे नव्हते. हाराची पाने तेलाने निथळत होती. इंजिनाचे डोके, बॅटरी, बॉनेटची आतली बाजू, सगळ्यावर तेल. धुराड्याच्या तापलेल्या नळीवर ते तळले जात होते. आणि मधोमध ते तोंड, उघडे. मोजपट्टी काढून पाहिली; तेल खालच्या खुणेच्याही खाली गेले होते. मला लगेच सगळे आठवले, तबक, कुंकू, माझा तळहात. आत्याला मी ते सांगितले.

“देवाला लोक नारळ वाहत्यात,” ती म्हणाली.

साडेअकरा झाले होते. मागे राजूर, पुढे भोकरदन, दोन्हीकडे सारखेच अंतर. रस्त्यापासून पन्नास पावलांवर एका घरापुढे बैलगाडीची चाके भिंतीला लावून ठेवलेली होती. मी तिथवर गेले. सुताराचे घर होते. कचरूबा त्यांचे नाव. सडपातळ, पांढऱ्या मिशांचे, मांडीखाली लाकूड धरून वाकसाने तासत बसलेले. माझी अडचण मी त्यांना इतक्या हळू सांगितली की त्यांनी दोनदा विचारले. मग हातातले काम ठेवून ते मोटारीपाशी आले, आत वाकले आणि बराच वेळ वाकलेले राहिले.

“बूच कुठंय?”

“राजूरला,” आत्याने आतून उत्तर दिले.

“गाडी हिकडं अन् बूच तिकडं? बराबर हाय. चोर भेटला तरी नेणार न्हाई.”

आत्याने आपल्या बोचक्यातील एक जुने फडके पुढे केले, हे कोंबा आणि चला म्हणाली. चिंधी इंजिनात ओढली जाते हे मी वाचले होते. तसे मी पुटपुटले. कचरूबांनी ऐकले की नाही कोण जाणे, पण तेही म्हणाले, “चिंधी न्हाई. बूचच करावं लागंल.”

त्यांनी ज्वारीच्या ताटाचा एक तुकडा इंजिनाच्या तोंडात आडवा धरून माप घेतले आणि मोडक्या चाकातला बाभळीचा एक आरा निवडला. वीस वर्षे वाळलेला आहे, म्हणाले, तेलाने फुगणार नाही. वाकसाने तासून, मग पटाशीने गोलाई काढून त्यांनी वर रुंद, खाली निमुळते असे बूच घडवले. त्यांच्या पत्नीने आम्हाला चहा दिला. साखरेचा नव्हे, गुळाचा. आमच्याकडे गुळाचा चहा सर्दी झाल्याशिवाय होत नाही, इथे तोच रोजचा. आत्या सुतारणीला नागपूर किती लांब आहे ते सांगत होती, आणि दर दोन वाक्यांनी सूर्याकडे पाहत होती.

वायसरसाठी काय वापरावे हा प्रश्न होता. मी सायकलच्या ट्यूबचा विचार करीत होते आणि त्याच वेळी मला आठवत होते की ते रबर खनिज तेलात फुगून मऊ पडते. त्याची कारणे मी दर वर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला सांगते. कचरूबांना कारणे ठाऊक नव्हती. ते म्हणाले, “रबर न्हाई टिकत तेलात,” आणि आढ्यावरून चामड्याचा एक काळा तुकडा काढून आणला. त्यांच्या विहिरीवरच्या जुन्या मोटेचे ते चामडे. वीज आली, पंप बसला, मोट सुटली. तेव्हापासून तिचे तुकडे गाड्यांच्या कण्याला वायसर म्हणून वापरले जात होते. वर्षानुवर्षे तेल पिऊन ते मऊ राहिले होते. त्यांनी त्याचे कडे कापले, बुचाला चढवले आणि लाकडी हातोडीने दोन ठोके देऊन बूच तोंडात बसवले.

“आता निघतंय का बघा.”

निघत नव्हते. डिकीतला तेलाचा एक लिटरचा डबा मी आधीच ओतला होता. मोजपट्टीवर तेल दोन खुणांच्या मध्ये आले. इंजिन सुरू झाले. कचरूबांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो पाहून, मला जे सांगायचे होते ते मी सांगितले नाही. सांगायचे एवढेच होते की मूळ झाकणाला मध्ये छिद्र असते.

त्यांनाही भोकरदनला जायचे होते. रविवारचा दिवस, कोणाच्या तरी दरवाजाचे काम पाहायचे होते. हत्यारांची पिशवी घेऊन ते माझ्या शेजारी बसले. आयुष्यात पहिल्यांदाच पुढच्या सीटवर बसतोय असे म्हणाले आणि मोटार, बैल व बायको यांविषयी एक गोष्ट सांगू लागले. तिचा शेवट आम्हाला कळला नाही, कारण तीन-चार किलोमीटरवर बॉनेटखाली कोणीतरी दगड मारावा तसा ठप्प असा आवाज झाला.

बूच उडून बॅटरीशेजारी पडले होते. कचरूबांनी ते उचलले, कडेकडेने पाहिले, पुन्हा पाहिले. लाकडात खोट नव्हती. चामडे शाबूत होते. ते रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले.

“माझ्या हातचं बूच आजवर कवा निघालं न्हाई,” ते म्हणाले. आवाजात चीड नव्हती, ते मला अधिक लागले. “लाकडाचं काम न्हाई हे, बाई. तुमच्या गाडीला लोखंडच लागतंय. मी उगी तुमचा टाइम घेतला.”

दीड वाजला होता. आत्या मागे बसून बोचक्याची गाठ सोडत होती आणि बांधत होती. तिने मला काही विचारले नाही. मला वाटले, तिने विचारले असते तर बरे झाले असते.

“लाकडाचा दोष नाही,” मी म्हणाले. माझा आवाज मला वर्गातल्यासारखा ऐकू आला. “इंजिन जुने आहे. आत वाफ कोंडते. तिला बाहेर पडायला झाकणात छिद्र लागते. मूळ झाकणाला आहे. तुमचे बूच इतके घट्ट बसले की वाफेने ते ढकलून दिले.”

कचरूबांनी माझ्याकडे पाहिले. “हे तुमाला तवा ठाऊक व्हतं?”

“होय.”

“मंग तवाच कामून न्हाई सांगितलं?”

उत्तर आत्याने दिले. “ती लहानपणापासून तशीच हाय, बाबा. एकदा तिच्या बोटावर दार लावलं व्हतं आम्ही. वरडली न्हाई. दार उघडा म्हणली, ते बी हळूच.”

कचरूबा हसले, मग पिशवीतून गिरमिट काढून बूच गुडघ्यांत धरले. सरळ भोक पाडले तर तेल उडून वर येईल. तिरपे पाडतो, म्हणाले, वाफ वाट काढील, तेल काढणार नाही. ही कल्पना माहितीपुस्तकात नव्हती. भोक पडले. बूच बसले. भोकरदनपर्यंत ते निघाले नाही आणि तिथे मी आणखी एक लिटर तेल घेतले. उतरताना कचरूबांनी बॉनेट उघडायला लावून बुचावर एकवार अंगठा दाबून पाहिला.

“आता दुसरं कुठं काही वाहू नका,” एवढे म्हणून ते बाजाराकडे गेले.

धावडा

धावड्याच्या वाटेवर अजिंठ्याचे डोंगर हळूहळू समोर येतात. मंठ्याकडची माणसे क्षितिज पाहत जगतात, इथली डोंगर. हवाही गार. मी पुन्हा ताशी तीसवर होते आणि दर दहा किलोमीटरला थांबून बूच पाहत होते. आत्याने एकदाही घाई केली नाही. सूर्य डोंगराला टेकला तेव्हा ती फक्त म्हणाली, “दिवे लावायच्या आत पोहोचू?”

पोहोचलो. घर रिकामे झाले होते. सामान आदल्या दिवशी टेम्पोने गेले होते. भिंतींवर फोटोंच्या जागी पांढरे चौकोन उरले होते. कुसुमआत्या उंबऱ्यात उभी होती, बहिणीपेक्षा ठेंगणी, गुडघ्यांनी वाकलेली. मी आत्याला हात देऊन उतरवले. दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. मला वाटले होते, रडतील.

“उशीर केलास,” धाकटी म्हणाली.

“हिनं गाडीचं झाकण देवाला दिलं,” थोरली म्हणाली, आणि मग दोघींनी माझ्याकडे पाहिले. बहिणी सारख्या दिसतात हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवले.

स्वयंपाकाची भांडी गेली होती म्हणून शेजारच्या तीन घरांतून जेवण आले: पिठले, लसणाची चटणी, बाजरीची भाकरी. शेजारच्या बायकांनी थाळ्यांवरच्या फडक्यांना खूण म्हणून वेगवेगळ्या रंगाचा दोरा बांधला होता, कोणाची थाळी कोणाकडे जावी यासाठी. गोदाआत्याने बोचके सोडले. त्यात तिळाचे लाडू होते, एक खण होता आणि एक लाकडी पळी होती. पळी पाहून कुसुमआत्या म्हणाली, ही माझी आहे, तू माझ्या लग्नाआधी घेतली होतीस. थोरली म्हणाली, म्हणूनच आणली. मग पळी नेमकी कोणाची यावर दोघी झोपेपर्यंत भांडत होत्या. ऐकून मला वाटले की चार वर्षांची उणीव भरून काढण्याची ही त्यांची पद्धत असावी. परंतु मी अंदाज करते आहे.

परतीचा सोमवार

सकाळी आठला जीप दारात आली. कुसुमआत्याचा मुलगा कचेरीतील कागदांसाठी आदल्या दिवशीच जालन्याला गेला होता. तो संध्याकाळी स्टेशनवर भेटणार आणि तिथून दोघे नागपूरच्या गाडीत बसणार, असे ठरले होते. जीपच्या चालकाने स्टूल आणून ठेवले. कुसुमआत्याने शेजारणींचे निरोप घेतले आणि शेवटी बहिणीपाशी आली. गोदाआत्याने तिच्या खांद्यावरचा पदर सारखा केला. पुन्हा एकदा केला. दोघींजवळ बोलण्यासारखे आता पळीसुद्धा उरली नव्हती.

जीपचालक म्हणाला, “चला मावशी, जल्दी करा, अजून चार शिटं भरायचेत.”

मी ओसरीच्या खांबाशी उभी होते. माझ्या मनात एक गोष्ट होती आणि ती पहाटेपासून होती. कोणी विचारले नव्हते. विचारतील अशी चिन्हे नव्हती.

“मी नेते,” मी म्हणाले. कोणी वळून पाहिले नाही, म्हणून मोठ्याने म्हणाले. “कुसुमआत्याला मी नेते. स्टेशनपर्यंत. दोघी मागे बसा.”

जीपचालकाने आधी माझ्याकडे, मग माझ्या मोटारीकडे पाहिले. “बूच लाकडाचं हाय म्हणत्यात,” तो म्हणाला. बातमी पोहोचली होती.

“आहे,” मी म्हणाले, “आणि नीट बसते.”

परतीच्या रस्त्याचे वर्णन मला करता येणार नाही, कारण मी बहुतेक वेळ आरशात पाहत होते. रस्ता हळू चालण्यासारखा आहे आणि बूच निघू नये म्हणून मी तीसच्या वर जाणार नाही, असे मी सुरुवातीलाच सांगितले होते. मागे पळी पुन्हा निघाली. मग कोणत्या तरी म्हशीचा विषय, मग वडिलांच्या रागाचा. माझे वडील म्हणजे त्यांचा भाऊ. त्यांच्याविषयी मला ठाऊक नसलेल्या चार गोष्टी मी त्या दिवशी स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकल्या.

राजूरला दुपार झाली. हारवाल्याचे दुकान उघडे होते. फळीवर नारळांच्या रांगेसमोर माझे झाकण उपडे ठेवलेले होते, कुंकवासकट, आणि मधल्या छिद्रात एक उदबत्ती उभी जळत होती. राख बरोबर कडेच्या पन्हाळीत पडत होती. इतके नेमके ते दुसऱ्या कशालाच बसले नसते. दोन दिवसांपूर्वीची मी असते तर एक नारळ घेऊन परत फिरले असते.

“ते माझे झाकण आहे,” मी म्हणाले.

“तुमचं हाय का, बाई? वाट बघितली की. कोणी येईना, मंग उदबत्ती लावली.” त्याने जळती उदबत्ती काढली, झाकण मफलरच्या टोकाने पुसले आणि जरा हातात धरून ठेवले. “लई सोयीचं व्हतं.”

मी मोटारीपाशी गेले, कचरूबांचे बूच काढले, झाकण रॉकेलच्या फडक्याने आतून-बाहेरून पुसून राखेने बुजलेले छिद्र टाचणीने मोकळे केले आणि पाव वेढा देऊन बसवले. मग बूच नेऊन हारवाल्याच्या हातात दिले. त्याने ते उलटसुलट पाहिले, तिरपे भोक सापडले तसा हसला आणि उदबत्ती त्यात खोचली. ती थोडी झुकून उभी राहिली. धूर नारळांवरून गेला.

राजूर ते जालना हा रस्ता त्यातल्या त्यात चांगला आहे. झाकण आपल्या जागी होते, तेल पुरेसे होते, इंजिन शांत होते आणि नागपूरच्या गाडीला चार तास होते. मागून ट्रक येत, हॉर्न वाजवीत, पुढे जात. काट्याने तीस ओलांडले नाही.

बऱ्याच वेळाने गोदाआत्याच्या ते लक्षात आले. “सुमे,” ती म्हणाली, “झाकण तर मिळालं ना? मंग बैलगाडीवानी का हाकून राह्यलीस?”

आरशात कुसुमआत्या खिडकीबाहेर पाहत होती. तिने मान वळवली नाही.

“हाकू दे तिला,” ती म्हणाली.